वसुलीचा कारकून कोण?

एखाद्या माणसाने महिनोन्‌महिने खपून संगणकाची एक आज्ञावली लिहावी, ती दुकानाच्या फळीवर किंमत लावून न ठेवता जो मागेल त्याला आणि न मागेल त्यालाही फुकट देऊन टाकावी, वर तिच्या नकला काढून मित्रमंडळींत वाटण्याची मुभा द्यावी, आणि एवढे सगळे करून झाल्यावर 'उपयोगी पडली तर अमुक रक्कम पाठवा' एवढीच विनंती करावी, हा व्यवहार पहिल्या ऐकण्यात व्यापारापेक्षा दानधर्माच्या सदरात जमा करावासा वाटतो. तथापि शेअरवेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच पद्धतीच्या जोरावर गेल्या चार दशकांत काही माणसांनी चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडल्या, काहींनी कंपन्या उभारल्या, आणि स्वित्झर्लंडमधील एका गृहस्थाने तर तीस वर्षांहून अधिक काळ एकच आज्ञावली या रीतीने विकत आणली आहे. तेव्हा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा फिनोलेक्स अकादमीतून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या, आणि पुण्या-मुंबईची वाट न धरता घरच्या ओसरीवर बसून चरितार्थ चालवावा अशी इच्छा असलेल्या तरुणाने या मार्गाचा विचार करावा की नाही, हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही.

या पद्धतीचा उगम पाहिला, तर तिच्या मुळाशी तत्त्वज्ञानापेक्षा टपालखर्च अधिक होता असे आढळते. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दोन माणसांना, एकमेकांची ओळखदेख नसताना, जवळजवळ एकच कल्पना सुचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील अँड्र्यू फ्लुगेलमन हे शिक्षणाने वकील आणि व्यवसायाने संपादक. दूरध्वनीच्या तारेवरून दोन संगणकांचे संभाषण घडवून आणणारी 'पीसी-टॉक' ही आज्ञावली त्यांची. सिएटलकडचे जिम नॉफ, जे पुढे जिम बटन या टोपणनावाने प्रसिद्ध झाले, ते खुद्द आयबीएमच्याच नोकरीत होते. नावापत्त्यांच्या याद्या राखण्यासाठी लिहिलेली आज्ञावली त्यांनी सहकाऱ्यांना हौसेने दिली, सहकाऱ्यांनी ती आणखी कोणाला दिली, आणि मग प्रत्येक सुधारलेली आवृत्ती या साऱ्यांना पाठवता पाठवता फ्लॉप्यांचा व पोस्टाचा खर्च इतका वाढला की, आज्ञावलीतच 'खर्चापोटी दहा डॉलर पाठवावेत' अशी विनंती त्यांना घालावी लागली. दोघांची गाठ पडल्यावर त्यांनी आपसांत ठरवून दोन्ही आज्ञावल्यांची रक्कम पंचवीस डॉलर केली, आणि एकाच्या आज्ञावलीत दुसऱ्याची शिफारस करण्याचा रिवाज पाडला. १९८४ साली नॉफ यांनी नोकरी सोडली, कारण बाजूच्या उद्योगाचे उत्पन्न पगारापुढे गेले होते.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. कीर्तनाला तिकीट नसते. बुवा पूर्वरंग आणि उत्तररंग दोन्ही यथासांग करतात, जो येईल त्याला ऐकू देतात, आणि आरतीच्या वेळी तबक फिरते. परंतु या तबकाच्या यशात एक गोष्ट अशी आहे की, जी सहसा कोणी बोलून दाखवीत नाही: ते प्रत्येकाच्या पुढ्यात येऊन क्षणभर थांबते, त्यात निरांजन तेवत असते, आणि शेजारी बसलेले गावकरी पाहत असतात. शेअरवेअरचे तबक रात्री बारा वाजता बंद खोलीत फिरते, आणि तिथे शेजारी कोणी नसतो. आज्ञावली फुकट वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांचा हेतू बुडवण्याचा असतो असे मला वाटत नाही. उद्या पाठवू असे म्हणून ते विसरतात, आणि त्या काळी पाठवणे म्हणजे धनादेश लिहिणे, पाकीट शोधणे, तिकीट चिकटवणे आणि पेटीत नेऊन टाकणे इतका खटाटोप होता. म्हणून या पद्धतीची चर्चा करताना लोक प्रामाणिक असतात की नसतात याचाच काथ्याकूट करणे मला व्यर्थ वाटते. जमीन कितीही सुपीक असली, तरी सारा आपोआप खजिन्यात येत नाही. त्याला वसुलीची व्यवस्था लागते. शेअरवेअरवर ज्यांचा संसार चालला, त्या प्रत्येकाने आपल्यापुरता वसुलीचा कारकून शोधून काढला होता.

बॉब वॉलेस यांचा कारकून सर्वांत चतुर होता. मायक्रोसॉफ्टच्या अगदी आरंभीच्या नोकरदारांपैकी हे गृहस्थ तेथून बाहेर पडले, १९८३ साली त्यांनी 'पीसी-राइट' ही लेखनाची आज्ञावली काढली, आणि तिच्या नोंदणीचे शुल्क ठेवले पंचाहत्तर डॉलर. प्रत्येक नोंदणीदाराला स्वतंत्र क्रमांकाची प्रत मिळे. ती त्याने खुशाल वाटावी, आणि त्या क्रमांकाची नक्कल हाती पडलेल्या दुसऱ्या कोणी पुढे नोंदणी केली, की मूळ नोंदणीदाराला पंचवीस डॉलर दलाली मिळावी, अशी तजवीज होती. तीन माणसांनी आपली प्रत पाहून पैसे भरले, म्हणजे आपली पंचाहत्तरची भरपाई झाली! ज्या नक्कल करण्याला बाकीचे धंदेवाले चोरी म्हणत होते, तिलाच वॉलेस यांनी कमिशनवर नेमून टाकले. याच मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी १९७६च्या फेब्रुवारीत छंदी संगणकवाल्यांना उद्देशून एक उघड पत्र लिहून, आपली बेसिक वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती विकत घेतलेलीच नाही, असा तगादा लावला होता. गेट्स यांनी पुढे परवाने, करारनामे आणि वकील यांच्या बळावर जे साधले ते जगाला ठाऊकच आहे. पण एकट्या माणसाला ती वाट मोकळी नव्हती, आणि आजही नाही.

टेक्सासच्या स्कॉट मिलर यांना निव्वळ विनंतीचा मार्ग आजमावून पुरेसे पैसे मिळाले नाहीत, तेव्हा १९८७च्या सुमारास त्यांनी आपल्या 'क्रॉझ' या खेळाचे तीन भाग पाडले, पहिला भाग फुकट सोडला, आणि उरलेले दोन पैसे पाठवणाऱ्यासाठी राखून ठेवले. या युक्तीने सबंध खेळांच्या धंद्याचा नूर पालटला. त्यांच्याच 'अपोजी' या संस्थेमार्फत १९९२ साली आलेल्या 'वुल्फेनस्टाइन'च्या सहा भागांपैकी एक मोफत होता, आणि १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' आला तेव्हा त्याच्या तीन भागांपैकी पहिला कोणीही, कुठूनही, कितीही वेळा नकलून घ्यावा अशी खुली परवानगी होती. इथे वसुलीचे काम उत्कंठेने केले. मात्र हा कारकून सगळ्यांकडे कामाला राहत नाही: खेळाचा पुढचा भाग राखून ठेवता येतो, पण फाइली लहान करून देणाऱ्या आज्ञावलीचा उत्तरार्ध कसा राखून ठेवणार?

तिथे तगाद्याचा उपाय निघाला. मघाशी ज्या स्विस गृहस्थांचा उल्लेख केला, ते क्रिस्टियान गिस्लर. फाइलींची व्यवस्था पाहणारी त्यांची 'टोटल कमांडर' ही आज्ञावली १९९३ साली निराळ्या नावाने निघाली आणि आजही निघते. नोंदणी न करता ती उघडली, की एक चौकट पुढे येते आणि १, २ किंवा ३ यांपैकी सांगेल त्या आकड्याचे बटन दाबल्याखेरीज आत सोडत नाही. आकडा दर खेपेस बदलत असल्याने बोटाला सवयही लागू शकत नाही. हे तबक रोज सकाळी, न चुकता, माणसाच्या पुढ्यात येते. फाइली लहान करून देणाऱ्या 'विनरार'वाल्यांची रीत याहून सौम्य. चाळीस दिवसांची मुदत संपली तरी आज्ञावली बंद पडत नाही, नुसती आठवण करून देत राहते, आणि घरगुती वापर करणारे लोक या आठवणीकडे वर्षानुवर्षे निर्विकारपणे पाहत आले आहेत. मग पैसा येतो कुठून? बराचसा येतो तो कचेऱ्यांतून. कारण घरातल्या माणसाला हिशेब विचारणारा कोणी नसतो, पण कंपनीच्या दप्तराची तपासणी होते आणि शंभर संगणकांवर विनापरवाना आज्ञावली सापडली तर व्यवस्थापकाला उत्तर द्यावे लागते. आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम घालून, जाणूनबुजून चोरटी आज्ञावली वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड ठेवला आहे. घरी नकलून घेतलेल्या खेळासाठी कोणी तुरुंगात गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु या कलमाचा धाक कचेऱ्यांच्या लेखा विभागापर्यंत निश्चित पोचतो, आणि लेखकाला तेवढे पुरते.

हिंदुस्थानात ही पद्धत आली ती मात्र लंगडत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली, तत्पूर्वी आणि नंतरही कितीतरी वर्षे परदेशी शेअरवेअर आपल्याकडे पोचे ते संगणकविषयक मासिकांच्या सोबत येणाऱ्या चकत्यांवरून. आणि ते घेऊन पैसे पाठवावेत म्हटले तर ऐपतीइतकाच अडथळा मार्गाचा होता. परकी चलन १९७३च्या फेरा कायद्याच्या बंदोबस्तात होते. वीस डॉलर सिएटलला पाठवण्यासाठी रत्नागिरीच्या मनुष्याने कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, हे बँकेतल्या अधिकाऱ्यालाही चटकन सांगता आले नसते. उलट दिशेनेही तीच गत: इथल्या माणसाने काही लिहिले आणि परदेशातून डॉलरचा धनादेश आलाच, तर तो वटण्यात आठवडे जात आणि बँकेचा आकार वजा होऊन हाती जे येई ते पाहून उमेद खचे. जून २०००पासून फेराची जागा फेमा या नव्या कायद्याने घेतली, आणि लेखकांच्या वतीने कार्डावरून पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्याही निघाल्या. त्यांतली 'कागी' ही १९९४ साली सुरू झालेली जुनी कंपनी २०१६ साली एकाएकी बंद पडली, आणि अनेक लेखकांचे गोळा झालेले पैसे तिच्यातच अडकून राहिले. कारकून मिळाला, तरी तो खजिन्यासकट बुडणार नाही याची शाश्वती कोणी द्यावी?

देवनागरीच्या क्षेत्रात तर आणखी एक अडचण होती, आणि ती औदार्याची होती. अमेरिकेत राहणाऱ्या अविनाश चोपडे यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी 'आयट्रान्स' ही रोमन अक्षरांतून देवनागरी छापून देणारी आज्ञावली लिहिली आणि ती खुली सोडली. संस्कृत स्तोत्रे, मराठी मजकूर, चित्रपटगीते अशा कितीतरी संग्रहांचे टंकलेखन तिच्या पद्धतीवर झाले, आणि वसुलीचा विचारच तिथे नव्हता. 'शुषा' टंक असाच मोफत मिळे. १९९८ साली शेषाद्रि वासू यांनी कन्नडसाठी काढलेली आणि पुढे मराठीलाही जागा देणारी 'बरहा' आरंभी फुकट होती, नंतरच्या आवृत्त्यांना किंमत लागली. २००५पासून केंद्र सरकारनेच भारतीय भाषांचे टंक व साधने असलेल्या चकत्या मोफत वाटायला आरंभ केला, आणि युनिकोड स्थिरावल्यावर देवनागरी लिहिण्याची सोय प्रत्येक संगणकाच्या आणि फोनच्या पोटातच येऊ लागली. वाचकांचा यात केवळ फायदा झाला. पण मराठी लिहिण्याच्या साधनावर एकट्या माणसाने पोट भरावे, ही वाट त्याबरोबरच बुजली. सरकार जी वस्तू फुकट देते तिची किंमत मागणारा मनुष्य लोकांना लोभी वाटतो, मग त्याची वस्तू अधिक चांगली का असेना.

असे असूनही आज्ञावली आधी वापरून पाहा आणि मग पैसे द्या, या तत्त्वावर महाराष्ट्रात मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि तो उभारणारे दोघे भाऊ सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कुटुंबातले. कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले, आणि संगणक दिसू लागले तसे तेही दुरुस्त करू लागले. धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या यंत्रांचे पुष्कळदा काहीच मोडलेले नसे, फ्लॉपीवरून शिरलेल्या व्हायरसने ती जायबंदी केलेली असत. एकेका व्हायरसला काढून टाकणारी लहानलहान साधने संजय यांनी लिहिली, ती ग्राहकांच्या यंत्रांवर चालवून पाहिली, आणि १९९५च्या सुमारास त्यांतून 'क्विक हील' आकाराला आले. कंपनीचे नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होते. २००७ साली ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले, २०१० साली सिकोइया या गुंतवणूकदार संस्थेने तीत साठ कोटी रुपये घातले, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

या कथेतील प्रगतीचे आकडे वृत्तपत्रांनी पुष्कळदा छापले आहेत. मला त्यांत जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच आहे. मुदतीपुरती फुकट वापरा आणि मग परवाना घ्या, ही पद्धत क्विक हीलने जगाकडूनच घेतली, परंतु मुदत संपल्यावर पैसे मागायला तिने संगणकाच्या पडद्यावरील चौकट एकटीच पाठवली नाही. तालुक्या-तालुक्याच्या गावी संगणक जोडून देणारा, बिघडला की स्कूटरवरून येणारा, चहा घेऊन जाणारा आणि ज्याला घरातले सगळे नावाने ओळखतात असा जो दुरुस्तीवाला असतो, त्याच्या हाती तिने खोका दिला. त्याने 'काका, अँटिव्हायरस संपलाय, नवा टाकू का?' असे विचारल्यावर नाही म्हणणे कठीण, कारण पुढल्या महिन्यात छपाईयंत्र अडले की त्यालाच बोलवायचे असते. कीर्तनातला शेजारी इथे परत आला. आज्ञावलीचे स्वरूपही या व्यवहाराला अनुकूल होते: नवे व्हायरस रोज निघत असल्याने जुनी प्रत वर्षभरात निरुपयोगी होई, आणि चोरून घेतलेल्या प्रतीला नवी माहिती मिळत नसे. म्हणजे नक्कल फुकट गेली तरी हरकत नव्हती. पैसे पडत ते पुढच्या वर्षाच्या पहाऱ्याचे.

आता रत्नागिरीकडे वळू. समजा, आंबा बागायतदारांसाठी कोणी एक आज्ञावली लिहिली: कोणत्या दिवशी कोणत्या दलालाकडे किती पेट्या वाशीला गेल्या, पट्टी काय आली, हमाली, भाडे आणि दलाली किती कापली, हंगामापूर्वी घेतलेल्या उचलीतून किती फिटली, हे सारे जी दाखवील. वस्तू उपयोगी आहे, यात शंका नाही. पाचशे रुपये किंमत ठेवली, आणि ती वापरून पाहणाऱ्या शंभरांतला एक जण पैसे देतो असे धरले, तर महिना तीस हजार मिळण्यासाठी दरमहा साठ खरेदीदार, म्हणजे सहा हजार नवे पाहुणे हवेत. दुसऱ्याच हंगामात जिल्ह्यातले बागायतदार संपतील. गिस्लर यांचे गणित जमते ते त्यांचे गिऱ्हाईक सगळ्या जगात पसरलेले आहे म्हणून. मराठी भाषेत, कोकणातल्या एका धंद्यापुरते लिहिणाऱ्याला शंभरात एक हे प्रमाण परवडणारे नाही, त्याला शंभरात चाळीस हवेत, आणि ते पडद्यावरच्या चौकटीने येत नाहीत. पतसंस्थांची, मिरकरवाड्यातल्या मच्छीव्यापाऱ्यांची, शाळांच्या निकालपत्रकांची आज्ञावली लिहिणारे जे लोक गावोगाव टिकून आहेत, ते याच कारणाने किंमत थोडी आणि वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे ज्याला सगळे एएमसी म्हणतात तो, मोठा ठेवतात, आणि मार्चअखेर स्वतः जाऊन बसतात. याला कोणी शेअरवेअर म्हणणार नाही. पण पहिला महिना फुकट वापरून बघा, असे तेही म्हणतातच.

उलट, ज्याला जगासाठी लिहायचे आहे, त्याला रत्नागिरीत बसून काही उणे नाही. त्याची आज्ञावली छायाचित्रांची नावे बदलून देणारी असो की संगीताचा ताल मोजणारी, ग्राहक ओस्लोचा असो की ओसाकाचा, पैसे कार्डावरून येतात. घरभाडे नाही, जेवण घरचे, आणि दरमहा तीनचारशे डॉलर येणे हे सॅन फ्रान्सिस्कोत हास्यास्पद असले, तरी शिरगाव किंवा नाचण्याला हास्यास्पद नव्हे. फक्त मधला मध्यस्थ आता फोनवरच्या आज्ञावल्यांच्या दुकानांचा मालक आहे. २००८ साली अॅपलचे आणि अँड्रॉइडचे बाजार उघडल्यापासून वसुलीची सारी यातायात त्यांनी आपल्याकडे घेतली आणि तिच्याबद्दल तीस टक्के कापू लागले. २०२१पासून अँड्रॉइडच्या बाजारात वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर पंधरा टक्के पडू लागले. ज्या जिल्ह्याने खोतांना सारा भरताना पिढ्या घालवल्या आणि १९४९च्या कायद्याने खोती जाताना पाहिली, तेथील माणसाला या व्यवस्थेचा ढाचा समजावून सांगावा लागू नये. फरक एवढाच की, या खोताकडे न जाण्याचे स्वातंत्र्य कागदोपत्री शाबूत आहे.

देशातल्या देशात मात्र २०१६ साली युपीआय आल्यापासून चित्र खरोखर पालटले आहे. पन्नास रुपयांची वसुली पूर्वी पन्नास रुपयांत होत नसे. आता ती शून्य खर्चात आणि चार सेकंदांत होते, आणि चौकटीत क्यूआर चिन्ह दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या लेखकाला मध्ये कोणी लागत नाही. देण्याचा खटाटोप संपला. देण्याचा आळस संपला का, याचे उत्तर अजून मला होकारार्थी देववत नाही, कारण फोनवरची प्रत्येक सोय फुकट आणि जाहिरातींसकट मिळण्याची सवय त्याच काळात हाडीमाशी खिळली. म्हणून अलीकडे लेखक एकरकमी किंमत सोडून वार्षिक वर्गणीकडे वळले आहेत. त्याबाबतीत रिझर्व्ह बँकेचे नियम ध्यानात घेतलेले बरे: ऑक्टोबर २०२१पासून ग्राहकाच्या खात्यातून ठराविक मुदतीने आपोआप रक्कम वळती करायची असेल, तर पहिली संमती ओटीपीसारख्या जादा पडताळणीने घ्यावी लागते, पुढच्या प्रत्येक वेळी किमान चोवीस तास आधी सूचना जावी लागते, आणि पडताळणीशिवाय वळती करण्याची मर्यादा, जी तेव्हा पाच हजार होती, ती जून २०२२पासून पंधरा हजार रुपये आहे. पाचशे-हजारांची वर्गणी या मर्यादेत सहज बसते. पण त्या सूचनेच्या चोवीस तासांत ग्राहक आपल्या फोनकडे पाहतो, वर्षभरात ही आज्ञावली आपण कितीदा उघडली ते आठवतो, आणि बहुतेक वेळा रद्द करण्याचे बटन त्याच संदेशाच्या खाली असते.